म्हातारपणातला एकटेपणा : नामाच्या जोडीला आपण काय देऊ शकतो?

॥ श्रीगुरवे नमः ॥



चवथ जवळ आली आहे. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतली वर्षभर कुलूप असलेली घरं आता उघडतील, झाडली-सारवली जातील. मुंबई-पुण्याची, आखातातली, बोटीवरची मंडळी येतील. माटोळी बांधली जाईल, आरत्या होतील, घर भरून जाईल. आणि दीड, पाच किंवा सात दिवस झाले की गाड्या परत निघतील. त्या गाड्या गेल्यावर मागे जे आजी-आजोबा राहतात, त्यांच्याविषयी या पंधरवड्याचा अभ्यास आहे. तो चवथीच्या आधीच पाठवत आहोत, म्हणजे तयारीला वेळ मिळेल.

*१. हा विषय आत्ताच का?*

आपल्या सेवेच्या बैठकीत हल्ली एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. प्रसाद द्यायला, पुस्तिका पोचवायला आपण घरोघरी जातो. पाच मिनिटांचं काम असतं, पण वयस्कर माणूस आपल्याला सोडत नाही. "बस गो थोडी," म्हणतात. चहा नको म्हटलं तरी ठेवतात. एका आजींना पाव आवडत नाही, तरी त्या रोज सकाळी पोदेराकडून दोन पाव घेतात. का, तर तो सायकल थांबवून दोन शब्द बोलतो. दुसऱ्या एका घरी टीव्ही दिवसभर चालू असतो, समोर कोणी बसलेलं नसतं. "घरात आवाज हवा ना," एवढंच उत्तर.

ही दोन-चार घरांची गोष्ट नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ६० वर्षांवरील माणसं शंभरात साधारण ८.६ होती. गोव्यात हे प्रमाण ११.२ होतं. केरळनंतर (१२.६) गोव्याचाच क्रमांक. म्हणजे आपलं राज्य लहान असलं तरी वयाने मोठं आहे.

त्यात आपल्या दोन तालुक्यांची स्वतःची कारणं आहेत.

डिचोली भागात खाणी चालू होत्या तेव्हा ट्रक, गॅरेज, हॉटेल, सगळं गावातच होतं. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर परत थांबल्या. कितीतरी घरांतला मुलगा कामासाठी बाहेर पडला तो तिकडचाच झाला.

पेडण्यात मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्याच्या गावांत शेजारची घरं भाड्याने गेली, काही विकली गेली. कुंपणापलीकडून हाक मारावी अशी ओळखीची माणसं कमी झाली. मोपा विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. मुलांना यायला सोपं झालं हे खरं, पण जायलाही तेवढंच सोपं झालं.

शिवाय घरं वाटली गेली. पूर्वी एका चौकात वीस माणसं जेवत. आता त्याच घराच्या चार चुली, त्यातल्या तीन थंड. सोप्यावर बसायची पद्धत होती, येणारा-जाणारा थांबायचा. आता माणसं स्कूटरवरून सरळ निघून जातात.

हे फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये या विषयासाठी खास आयोग नेमला. त्याचा अहवाल जून २०२५ मध्ये आला. त्यात म्हटलं आहे की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो, आणि त्याचा संबंध वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, नैराश्य, विस्मरण या सगळ्यांचा धोका एकटेपणाने वाढतो. म्हणजे "म्हातारपणी असं वाटायचंच" म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नव्हे. ब्लडप्रेशर जसं आपण मनावर घेतो, तसं हेही घ्यायला हवं.

*२. एकांत वेगळा, एकटेपणा वेगळा*

अभ्यासाची पहिली पायरी म्हणजे शब्द नीट समजून घेणं.

एकांत माणूस स्वतः निवडतो. साधनेला एकांत लागतो. पहाटेचा जप, संध्याकाळचं पारायण करताना जवळ कोणी नसलं तरी मन भरलेलं असतं. एकटेपणा माणूस निवडत नाही, तो येऊन पडतो. आपल्याला हवी तेवढी आणि हवी तशी माणसं जवळ नाहीत, ही जी आतली टोचणी, तिला एकटेपणा म्हणायचं.

म्हणून एकटं राहणारं प्रत्येक माणूस एकटेपणाने दुःखी असतंच असं नाही. आपल्या माहितीत एक बाई आहेत, वय सत्तरच्या पुढे, घरात एकट्या. पण परसात भाजी, दुपारी शेजारणींबरोबर वाती वळणं, संध्याकाळी देवळात भजन. त्यांना वेळ पुरत नाही. आणि उलट, भरल्या घरात सून, मुलगा, नातवंडं असूनही कोपऱ्यातल्या खाटेवर बसलेले आजोबा एकटे असू शकतात. सगळे मोबाइलमध्ये. जेवणाचं ताट वेळेवर येतं, पण ताटाबरोबर कोणी बसत नाही.

तेव्हा सेवेला जाताना "हे एकटे राहतात का?" एवढंच पाहू नये. "यांच्याशी शेवटचं मोकळेपणाने कोण बोललं, आणि कधी?" हे पाहावं. अशी माणसं कधी कधी आपल्याच घरात सापडतील.

*३. "नाम घ्या" एवढं सांगून आपलं काम संपतं का?*

हा प्रश्न नाजूक आहे, तरी तो घ्यायलाच हवा. कोणी वयस्कर माणूस म्हणालं की "करमत नाही, झोप लागत नाही," तर आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून लगेच येतं, "नाम घ्या, सगळं बरं होईल." भावना चांगलीच असते. नामाचा आधार आपण सर्वांनी अनुभवला आहे, त्याविषयी शंका नाही. पण ऐकणाऱ्याला त्यातून कधी कधी वेगळंच ऐकू येतं. "तुमचं नाम कमी पडतं म्हणून तुम्हाला असं होतं," असं. मग ते पुढच्या वेळी सांगायचंच बंद करतात.

एका आजींनी आमच्या एका भगिनीला जे उत्तर दिलं ते सर्वांनी मनात ठेवण्यासारखं आहे. त्या म्हणाल्या, "नाम घेतेच मी. पण नाम मला 'जेवलीस का?' म्हणून विचारीत नाही गो."

यात नामाचा अनादर नाही. भूक लागलेल्याला आपण नामाबरोबर पेजही देतो ना? एकटेपणा हीही भूकच आहे, माणसाची भूक. ती भागवायची तर माणूसच द्यावा लागतो.

शास्त्राच्या अंगानेही पाहू. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने नऊ प्रकारच्या भक्ती सांगितल्या. समर्थांनी दासबोधाचा चौथा दशक याच नवविधा भक्तीवर लिहिला, आणि त्याचा पहिला समास श्रवणभक्तीचा आहे. बोलण्याच्या आधी ऐकणं. ग्रंथातलं श्रवण म्हणजे भगवंताच्या कथांचं श्रवण, हे बरोबर. पण ज्याला माणसाचं दहा मिनिटं ऐकता येत नाही, त्याला कथा तरी कशी ऐकू येणार? समोरच्यात देव आहे असं आपण रोज म्हणतो. मग त्याचं ऐकून घेणं हीही सेवाच.

आणखी एक. खोल नैराश्य हा आजार आहे. त्यात जप करायचीही शक्ती राहत नाही, माळ हातात घेतली तरी मन लागत नाही. अशा वेळी "श्रद्धा कमी झाली" असं म्हणणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला "तुझा ताप श्रद्धेअभावी आहे" म्हणण्यासारखं आहे. त्याला डॉक्टर लागतो. नाम चालू राहू दे, औषधही चालू राहू दे. दोन्हींत विरोध नाही.

*४. गोव्यातच झालेला एक अभ्यास*

हा भाग लक्ष देऊन वाचावा, कारण तो आपल्यासारख्या साध्या माणसांविषयी आहे.

गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या ग्रामीण आणि शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला. त्यात गोव्यातली 'संगाथ' ही संस्था आणि अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठातले संशोधकही होते. २०१९ मध्ये तो एका मोठ्या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

त्यांनी ६० वर्षांवरची १८१ माणसं घेतली. या सर्वांना उदासी, झोप नसणं, उत्साह नसणं अशी सौम्य लक्षणं होती, पण अजून नैराश्याचा आजार झालेला नव्हता. त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला त्याशिवाय प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक भेटत राहिले. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तुमच्या-आमच्यासारखी माणसं होती.

वर्षभराने काय दिसलं? नेहमीच्या उपचारांच्या गटात शंभरात १४ पेक्षा थोड्या जास्त लोकांना नैराश्याचा आजार झाला (९० पैकी १३). समुपदेशक भेटत होते त्या गटात शंभरात ४ पेक्षा थोड्या जास्त लोकांना झाला (९१ पैकी ४). आजार होण्याआधीच तो टळला, आणि तो टाळायला मोठी यंत्रं किंवा महागडी औषधं लागली नाहीत.

समुपदेशकांच्या कामाचे मुख्य चार भाग होते. ते आपल्या सेवेलाही लागू पडतात :

(अ) अडचण सोडवायला शिकवणं. दुःखाचा मोठा डोंगर समोर ठेवायचा नाही. त्यातली एक लहान अडचण निवडायची, तिच्यावर दोन-तीन उपाय सुचू द्यायचे, एक करून बघायचा, पुढच्या भेटीत विचारायचं.

(आ) झोपेची शिस्त. रोज एकाच वेळी उठायचं, झोप आली तरच अंथरुणावर जायचं, जाग आली तर तळमळत पडून राहायचं नाही.

(इ) मधुमेहासारख्या दुखण्यांची स्वतः काळजी घ्यायला शिकवणं. गोळ्या, खाणं, तपासणी.

(ई) सरकारी आणि सामाजिक मदतीपर्यंत पोचवणं. अर्ज, कागद, दवाखाना.

यात "धीर धरा, सगळं ठीक होईल" हा उपदेश कुठेच नाही. आधी ऐकणं, मग एक-एक अडचण हातात घेणं.

आपल्याकडचं एक उदाहरण. एका गावात भजनाला नेमाने येणारे एक आजोबा हळूहळू यायचे बंद झाले. घरच्यांना वाटलं, वयामुळे भक्ती ओसरली. कोणीतरी शांतपणे बसून विचारलं तेव्हा कळलं की त्यांना वरचेवर लघवीला जावं लागतं, आणि भजनाच्या मधून सगळ्यांसमोर उठायची लाज वाटते. उपाय काय? त्यांची जागा दाराजवळ ठेवली, आणि मुलाने त्यांना आरोग्य केंद्रात नेलं. आजोबा परत टाळ घेऊन बसू लागले. भक्ती ओसरली नव्हती, फक्त दार लांब होतं.

*५. भेटीला जाताना*

पुढच्या गोष्टी प्रत्येक सेवेकऱ्याने पाळाव्यात.

• *वार ठरवून जावं आणि वार मोडू नये.* "परत येईन हं" असं मोघम बोलू नये. मंगळवारी येते म्हटलं तर मंगळवारी जायचं. आजी सकाळपासून वाट बघत असतात. न जमल्यास आदल्या दिवशी फोन करावा. वचन देऊन न गेलेलं, मुळीच न गेल्यापेक्षा जास्त लागतं.

• *दोघींनी जावं, पण एकीने बोलावं.* दोघी आपसातच बोलत बसल्या तर आजी परत एकट्याच.

• *पहिली पंधरा मिनिटं आपण सल्ला द्यायचा नाही.* आपल्या सासूची, आपल्या गुडघ्याची गोष्टही सांगायची नाही. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकावी.

• *बंद प्रश्न विचारू नयेत.* "बरं आहे ना?" याला "बरं आहे" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा "काल दुपारी काय केलंत?" "रात्री किती वाजता जाग आली?" "आज जेवायला काय केलं होतं?" असं विचारावं. एकट्यासाठी रांधायचा कंटाळा येतो म्हणून दोन वेळा नुसती पेज पिऊन राहणारी माणसं आहेत. ते असल्या प्रश्नातूनच कळतं.

• *कान आणि डोळे तपासले आहेत का बघावं.* ऐकू कमी आलं की माणूस चारचौघांत जायचं टाळतो. लोक हसले तर आपल्यालाच हसले असं त्याला वाटतं. कानाचं यंत्र किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन यानेही कितीतरी एकटेपणा कमी होतो.

• *द्यायला जातो तसं मागायलाही जावं.* हे सर्वांत महत्त्वाचं. आपण नुसतं देत राहिलो तर समोरच्याला आपण ओझं झालो असं वाटतं. आजींकडे जे आहे ते मागावं. माटोळीला लागणारी कवंडळं, कांगलां, आंबाडे कुठल्या रानात मिळतात आणि कोणती कशी ओळखायची, हे आज कोणाला माहीत आहे? त्यांनाच. धालोच्या मांडावर पौषात म्हणायची गाणी, फुगडीची गाणी, खारातली तोरां किती दिवस ठेवायची, हे सगळं त्यांच्याकडे आहे. नातीला वही घेऊन बसवा. "आजी, मला शिकवा" या वाक्यात औषध आहे.

• *घरच्यांविरुद्ध बोलू नये.* आजी सुनेबद्दल बोलतील. ऐकावं, पण भर घालू नये आणि बाहेर सांगू नये. सूनही दिवसभर राबत असते. जमल्यास तिच्याशीही पाच मिनिटं बोलावं. म्हाताऱ्या माणसाला सांभाळणारी व्यक्तीही एकटीच पडलेली असते.

• *पैशाच्या व्यवहारात पडू नये.* पासबुक, कार्ड, ओटीपी हातात घेऊ नये. आणि आजी-आजोबांनाही सांगावं की पोलीस किंवा बँक फोनवर पैसे मागत नाही. एकट्या माणसाशी कोणी गोड बोललं की विश्वास पटकन बसतो, आणि फसवणारे तेच हेरतात.

*६. आपल्यातल्या ज्येष्ठ साधकांसाठी*

हा अंक वाचणारे बरेच जण स्वतः साठीच्या, सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना नम्र विनंती.

एकटं वाटतं हे सांगण्यात कमीपणा मानू नका. "मुलांना त्रास नको" म्हणून गप्प राहता, पण मुलांना खरा त्रास होतो तो एकदम हॉस्पिटलचा फोन आला की.

दिवसाला आकार द्या. उठायची वेळ, अंघोळ, पूजा, थोडं चालणं, जेवण ठरलेल्या वेळी. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नको, मग रात्र मोठी वाटत नाही. रात्री दोनला जाग आली तर अंथरुणावर मागचं आठवत पडू नका. उठून बसा, दिवा लावा, शांतपणे नाम घ्या, डोळे जड झाले की परत आडवे व्हा.

रोज एका तरी माणसाशी तोंडाने बोला. फोनवरचे "सुप्रभात" फोटो यात धरू नका. आठवड्यातून एकदा उंबऱ्याबाहेर पडा. देऊळ, बाजार, वाचनालय, शेजारीण, काहीही. आणि एक काम असं ठेवा ज्याची कोणीतरी वाट बघतं. देवळाच्या वाती असोत, शेजारच्या मुलाचा पाढा असो, तुळशीची रोपं असोत. आपली कुणाला तरी गरज आहे हे कळलं की सकाळी उठावंसं वाटतं.

*७. बाहेरगावी असलेल्या मुला-सुनांसाठी*

हा मजकूर तुमच्या घरच्या ग्रुपवर पुढे पाठवा.

वेळ मिळेल तेव्हा तासभर फोन, यापेक्षा ठरलेल्या वेळी दहा मिनिटं बरी. आईला वाट बघायला एक वेळ मिळते. "जेवलीस? गोळी घेतलीस?" यावरच फोन संपवू नका. तिचा सल्ला विचारा. आमटीत काय घालू, बाळाला सर्दी झाली काय करू, असं. शेजारच्या दोघांचे नंबर तुमच्याकडे असू द्या, आणि तुमचा त्यांच्याकडे. चवथीला आलात की एक दिवस फक्त त्यांच्यासाठी ठेवा. डोळे, कान, दात, साखर तपासून घ्या. घरातली निसरडी पायरी, न्हाणीतला अंधार बघा. निघताना "परत कधी" याची तारीख सांगून निघा, ती दूरची असली तरी.

*८. धोक्याच्या खुणा*

पुढचं काही दिसलं तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नये :

दोन आठवड्यांपेक्षा जास्त उदासी किंवा सतत रडू. जेवण सुटणं, वजन उतरणं. अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष. औषधं बंद करणं किंवा साठवून ठेवणं. रोजच्या ओळखीच्या वाटा, माणसं विसरणं. दारू वाढणं. आवडत्या वस्तू एकदम वाटून टाकणं. "आता देवाने न्यावं" असं वरचेवर म्हणणं.

शेवटचं वाक्य आपल्याकडे सर्रास बोललं जातं, त्यामुळे आपण हसून सोडून देतो. सोडू नये. जवळ बसून सरळ विचारावं, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तसा विचार डोक्यात भरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळं होतं. उत्तर "हो" असेल तर त्यांना एकटं सोडू नये, घरच्यांना लगेच सांगावं आणि डॉक्टरकडे न्यावं. इथे "कोणाला सांगू नको" हे वचन पाळायचं नाही.

नंबर वहीत लिहून ठेवा :

• *१४४१६* : टेली-मानस. मनाच्या त्रासासाठी सरकारची मोफत सेवा, २४ तास.
• *१४५६७* : ज्येष्ठ नागरिकांची एल्डर लाइन. मोफत, सकाळी ८ ते रात्री ८.

पेडणे, कासारवर्णे, डिचोली, साखळी, मये इथल्या सरकारी आरोग्य केंद्रांत आधी दाखवता येतं. पुढच्या उपचारांसाठी बांबोळीला सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे. तिथे जाणं म्हणजे "वेडं होणं" नव्हे, हेही घरोघरी सांगायला हवं.

*९. हक्काची मदत*

दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून पात्र ज्येष्ठांना दरमहा २,००० रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही, पण स्वतःच्या नावाचे पैसे असले की माणसाची मान ताठ राहते. हयातीचा दाखला वेळेवर दिला नाही तर ते अडकतात. आपल्यापैकी कोणी सोबत जाऊन हे काम करून दिलं तर तीही सेवा, आणि जाता-येता गप्पा होतात त्या वेगळ्या.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ चा आहे. मुलं सांभाळत नसतील तर न्यायाधिकरणाकडे दरमहा खर्च मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर-जमीन नावावर करून दिली आणि मग सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. सही करण्याआधी ही अट कागदावर लिहून घ्यावी, एवढं प्रत्येक आजी-आजोबांना सांगून ठेवा. कोर्टकचेरी शेवटची पायरी. पण पायरी आहे हे माहीत असावं.

*१०. या पंधरवड्याची कृती*

१. प्रत्येक सेवेकऱ्याने आपल्या वाड्यावरचं *एकच* दार निवडावं. पाच निवडून मोडण्यापेक्षा एक निवडून पाळावं.

२. चवथीच्या आधी एकदा जावं, आणि माटोळीचं किंवा नैवेद्याचं काहीतरी त्यांना विचारावं.

३. घरच्या मंडळींशी ओळख करून घ्यावी, नंबर घ्यावा-द्यावा.

४. *विसर्जनानंतरच्या आठवड्यात नक्की जावं.* चवथीत सगळेच जातात. गाड्या परत गेल्यावर, मखर रिकामं दिसत असताना, रात्री घरात पुन्हा टीव्हीचाच आवाज असताना जाणारं माणूस हवं असतं.

५. भेटीनंतर तीन ओळी वहीत लिहाव्यात : काय ऐकलं, कोणती एक अडचण धरली, पुढचा वार कोणता. नाव लिहू नये, ग्रुपवर फोटो टाकू नये. कोणाचं एकटेपण हा दाखवायचा विषय नाही.

*मननासाठी प्रश्न* (पुढच्या बैठकीत बोलू)

• मागच्या आठवड्यात मी कोणाचं, मध्ये न बोलता, दहा मिनिटं ऐकलं?
• माझ्याच घरात ताटाबरोबर कोणी बसत नाही असं कोणी आहे का?
• मी सत्तरीची होईन तेव्हा माझ्या दारात यावं असं मला कोण वाटतं? त्या माणसासाठी आज मी काय करते?

सेवेला जाणं जमत नसेल त्यांनी घरूनच ठरलेल्या वेळी एक फोन करावा. तोही मोजला जाईल. वार ठरला की आपल्या गटप्रमुख ताईंना कळवावं, म्हणजे कुठलं दार राहून गेलं ते दिसेल.

आपणां सर्वांकडून ही सेवा घडो, हीच सद्गुरूंच्या चरणी प्रार्थना 🙏